गोठलेली जिन

१

दादानं फ्रीजरमधून बाटली काढली, मापाच्या छोट्या पेल्यावर तिरकी केली, आणि पेल्यात काहीच पडलं नाही.

बूच तर निघालं होतं. त्यानं बाटली आणखी तिरकी केली, मग सरळ उलटीच धरली. आतून पांढरट, भुसभुशीत बर्फाचा लगदा घसरत मानेपर्यंत आला आणि तिथेच अडकून बसला. एक थेंब तेवढा ओट्यावर पडला.

"हे काय?" दादा म्हणाला.

दादा व्हायोलिनं दुरुस्त करायचा. तडकलेल्या लाकडावर केसाएवढी खपली बसवताना त्याचा हात हलत नसे, पण आत्ता तो बाटली नुसती उलटसुलट करत राहिला. आजच्या संध्याकाळची तो कधीपासून वाट पाहत होता. वहिनी, म्हणजे त्याची बायको, नाटक कंपनीच्या कपडेपटातून याच आठवड्यात निवृत्त झाली होती. लग्न नोंदवलं त्या दिवशी दोघं एका मोठ्या हॉटेलात गेली होती आणि 'व्हाइट लेडी' नावाचं जुन्या काळचं कॉकटेल त्यांनी मागवलं होतं. त्यानंतर संसार, पोरं, नाटकाचे दौरे. पुन्हा काही योग आला नाही. आता ती लेडी घरीच आणायची, असं दादानं ठरवलं होतं.

जिन, संत्र्याच्या सालीचं लिकर, लिंबाचा रस आणि अंड्यातलं पांढरं. आधी शेकरमध्ये बर्फाशिवाय हलवायचं, म्हणजे फेस धरतो. मग बर्फ घालून पुन्हा हलवायचं, शेकर हातात धरवेनासा होईपर्यंत. जिन मात्र उत्तम हवी. ही बाटली एका वादकानं दिली होती, त्याचं मोडलेलं वाद्य दादानं वाचवलं म्हणून. दादानं बाटली एकदाच उघडली होती, सरावापुरती. मग ती जेवणघरातल्या बसक्या कपाटात राहिली, आणि काल संध्याकाळी गार व्हायला फ्रीजरमध्ये गेली.

स्वयंपाकघरात आणखी तिघं होती. थोरली बहीण ताई, नुकतीच लिंबांची पिशवी घेऊन आलेली. वहिनी, जिला आज इकडची काडी तिकडे करायची बंदी होती, म्हणून स्टुलावर बसून सगळ्यांना सूचना देत होती. आणि ओट्याच्या टोकाला धाकटा, भावंडांतलं शेंडेफळ. तो बेकरीत कामाला होता, त्यामुळे अंड्यांचं खातं त्याच्याकडे. "पांढरं वेगळं काढून देतो," त्यानं सकाळीच सांगितलं होतं, "बाटलीला मात्र हात लावणार नाही."

धाकट्यानं दारू सोडून काही वर्षं झाली होती. नवी नोकरी इथून जवळ, म्हणून हल्लीच तो दादाच्या माडीवरच्या खोलीत राहायला आला होता.

"जिन गोठत नाही ना रे?" वहिनीनं विचारलं.

"नाही," दादा म्हणाला. "पाणी गोठतं."

म्हणजे बाटलीतली जिन गेली होती आणि तिच्या जागी कुणीतरी पाणी भरलं होतं. तीन जोड्या डोळे धाकट्याकडे वळले आणि लगेच ओशाळून दुसरीकडे गेले.

धाकट्याच्या हातातलं पिवळं फुटलं आणि पांढऱ्यात उतरलं. त्यानं वाटी खाली ठेवली, हात पुसले आणि तो मागच्या दारानं बाहेर गेला.

२

ताईनं अख्खी नोकरी विमा कंपनीत काढली होती. आग लागली की दावा खरा की खोटा, हे बघायला तिला पाठवायचे. तिची एक पद्धत होती. आधी वस्तूला विचारायचं, मग माणसांना. वस्तूला कुणाची भीड नसते.

आज मात्र ती पद्धत मोडून आधी माणसाकडे गेली.

धाकटा मागच्या पायरीवर बसला होता. ताई त्याच्या शेजारी टेकली.

"तू घेतलीस?"

"नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून, "नाही असं वाटतंय."

"वाटतंय म्हणजे काय?"

"पूर्वी काय व्हायचं, तुला माहितेय. संध्याकाळी काय केलं ते सकाळी पुसलेलं असायचं. शेजाऱ्यांच्या कुंड्या मी फोडल्या होत्या आणि मीच शपथेवर सांगत सुटलो होतो, मी नाही म्हणून. खोटं नव्हतो बोलत ग. मला खरंच आठवत नव्हतं." त्यानं बोटांना चिकटलेलं अंड्याचं पांढरं पायरीच्या कडेला पुसलं. "आता मला आठवत नाही, म्हणजे मी प्यायलो नाही, असं कशावरून?"

ताईनं त्याला हात पुसायला रुमाल दिला. समजुतीनं याचं भागणार नव्हतं.

"तू शोध," धाकटा म्हणाला. "आगी शोधायचीस तसंच. आणि मीच असेन तर मला सांग. दादाच्या आधी, सगळ्यांच्या आधी."

"सांगेन."

ती उठली. स्वयंपाकघरापर्यंतची चार पावलं चालताना तिला कळून चुकलं की आपल्यालाही तेच वाटतंय. हाच असेल. नोकरीत तिनं पुष्कळ वेळा पाहिलं होतं, ज्याच्यावर पहिला संशय जातो तोच बहुधा निघतो.

३

"सगळे बाहेर जा," ती आत येऊन म्हणाली, मग वहिनीकडे वळली. "आणि तुझ्या आईला काही बोललात?"

"आईला कशाला?" वहिनी म्हणाली. "तिला कळलं तर ती धाकट्याला शिट्टी फुंकून घराबाहेर काढेल. काही सांगितलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका, ताई."

वहिनीची आई त्याच घरात, जेवणघराला लागून असलेल्या खोलीत राहायची. जन्मभर तिनं पोहायला शिकवलं होतं. गावभर तिला 'कोच' म्हणत आणि घरातही तेच नाव पडलं होतं. दारू, विडी आणि उशिरा येणं, या तीन गोष्टी तिला खपत नसत.

ताईनं बाटली उजेडात धरली.

पहिली गोष्ट, बाटली फुटली नव्हती. ती जवळजवळ मानेपर्यंत भरलेली होती. नुसतं पाणी असतं तर गोठताना फुगलं असतं आणि काच तडकली असती. दुसरी गोष्ट, हा दगडी बर्फ नव्हता. चमच्याची दांडी आत घातली तर ती सहज रुतली.

तिनं लगदा वाटीत काढला, वितळू दिला आणि चाखला. जिनचा तो पाइनच्या रानासारखा वास होता. पण लांबून आल्यासारखा, पातळ.

"दादा!" तिनं हाक मारली. "सराव केलास तेव्हा बाटलीत किती उरली होती?"

दादा दारातच उभा होता. "बाटलीवरच्या चिठ्ठीच्या वरच्या कडेपर्यंत. अगदी कडेला टेकून. मापात माझी चूक होत नाही."

"आणि काल फ्रीजरमध्ये ठेवताना?"

"तिथेच होती. म्हणून तर काही शंका आली नाही."

ताईनं वाटीतलं पुन्हा थोडं चाखलं. तिच्या अंदाजानं निम्मी जिन होती, निम्मं पाणी. ज्यानं काढली त्यानं कडेपर्यंत मोजून पाणी घातलं होतं. घाई नव्हती, गडबड नव्हती. पण नेमकी निम्मीच का काढली?

तेवढ्यात तिला दाराबाहेर, वहिनीच्या शिवणाच्या मशीनजवळ एक फवाऱ्याची बाटली दिसली. तिनं ती उचलली, झाकण काढलं आणि हुंगलं.

आत दारू होती.

४

"अहो ताई, ते कपड्यांसाठी!" वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली. "राजाचा अंगरखा रोज कोण धुणार? धुतलं की जरीकाम काळवंडतं. प्रयोग झाला की काखेत फवारा मारायचा, घामाचा वास जातो. कपडेपटात सगळे करतात."

"हीच जिन मारत नव्हतीस ना?"

"जिन मारली असती तर अख्खा दरबार पाइनच्या जंगलातून आल्यासारखा घमघमला असता! मी बिनवासाची, स्वस्तातली आणते. हुंगा ना नीट."

ताईनं पुन्हा हुंगलं. खरंच, पाइनचा मागमूस नव्हता. वहिनी सुटली. नाही तरी आपल्याच मेजवानीचा घास कोण पळवेल?

मग ती रस्ता ओलांडून दाताच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर एकटे राहायचे आणि दवाखाना मिटला की दादाच्या घरी पत्ते खेळायला यायचे. बसक्या कपाटाशेजारची खुर्ची त्यांची ठरलेली. संध्याकाळचं आमंत्रण त्यांनाही होतं, म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालून तयारच बसले होते.

ताईनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. डॉक्टर आधी हसले, मग जरा दुखावले.

"मी चोरून कशाला पिऊ? माझ्याच घरात जिनच्या दोन बाटल्या पडून आहेत. सोबत नाही म्हणून तर तुमच्याकडे येतो. थांबा, एक आत्ताच देतो."

"देऊ नका. थोड्या वेळानं घेऊन या. आधी हे निस्तरू दे." ती निघता निघता वळली. "या घरातलं कुणी हल्ली वेगळं वागतंय, असं काही?"

डॉक्टरांनी विचार केला. "वेगळं म्हणजे, कोचबाई रस्ता ओलांडून एकट्या आल्या परवा. काठी नाही, कुणाचा हात नाही! मागे पायरी उतरायलाही दोघं लागायचे. कवळी टोचते म्हणाल्या. बघतो तर कवळीखाली बेदाणा अडकलेला." ते हसले. "आणि गंमत सांगतो, तेव्हा मला सारखा स्पिरिटचा वास येत होता. उठून माझ्या बाटलीचं झाकण बघितलं. घट्ट होतं."

ताई उंबऱ्यावरच थांबली.

५

कोच खोलीत पलंगावर बसून, तळपायाला टॉवेल अडकवून गुडघा ताणत होती. ताईला बघून तिचा चेहरा फुलला.

"ये, बस. लिंबं आणलीस? पातळ सालीची ना? जाड सालीत काही नसतं, नुसता देखावा." तिनं बिस्किटांचा डबा पुढे केला. "घे. दोन घे. एकानं काय होतं?"

तेवढ्यात धाकटा चहाचा ट्रे घेऊन आला. कुणाच्या नजरेला नजर न देता त्यानं कप हातात दिले. कोचनं त्याच्या हातात चार बिस्किटं कोंबली. "हा पोरगा बघ, पहाटे उठून कामाला जातो आणि चहाही करतो. माझ्या जावयाला अजून साखर कुठे असते ते माहीत नाही!"

उशाजवळच्या टेबलावर काचेची बरणी होती. आत बेदाणे, सोनेरी, चांगले टपोरे. ट्रे ठेवायला जागा करायची म्हणून धाकट्यानं बरणी उचलली आणि सवयीनं झाकणाला हात घातला.

"ते नाही!" कोच जवळजवळ ओरडलीच. तिनं बरणी त्याच्या हातातून काढून मांडीवर घेतली. "तुला नाही. ते माझं औषध आहे."

धाकटा पांढराफटक पडला. तो ट्रे उचलून निघून गेला. त्याच्या मनात काय आलं हे ताईला दिसत होतं: हिलाही कळलंय, आता ही बेदाण्यालाही हात लावू देत नाही.

ताईनं बरणीकडे पाहिलं. बेदाणे सुकलेले असतात, सुरकुतलेले. हे द्राक्षांसारखे फुगले होते.

"कोच," ती म्हणाली, "जरा जेवणघरात येता? सगळ्यांना एक सांगायचंय."

६

टेबलाभोवती दादा, वहिनी आणि कोच बसले. डॉक्टर बाटली कागदात गुंडाळून आले होते आणि ती कुठे ठेवावी ते न कळून मांडीवर घेऊन बसले होते. धाकटा भिंतीला टेकून उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"बाटलीत नुसतं पाणी नाही," ताईनं सुरुवात केली. "निम्मी जिन आहे. म्हणून लगदा झाला, दगड नाही झाला. म्हणजे ज्यानं घेतली त्यानं निम्मी घेतली, आणि दादाला कळू नये म्हणून कडेपर्यंत मोजून पाणी घातलं. आता मला सांगा, पिणारा माणूस असं करतो?"

भिंतीकडून एक विचित्र आवाज आला. धाकटा हसत होता की रडत होता, चटकन कळेना.

"निम्मी?" तो म्हणाला. "ताई, निम्मी नक्की?"

"नक्की."

"मग मी नाही!" तो भिंत सोडून खुर्चीत बसला. "मी नाही ग. मी जन्मात कधी निम्म्यावर थांबलो नाही. मी घेतली असती तर बाटलीत वाससुद्धा उरला नसता!"

दादा उठून त्याच्याजवळ गेला आणि त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबा," कोच म्हणाली. तिचा आवाज पोहण्याच्या तलावावरचा होता, त्या टोकाला पोचणारा. "याच्यावर संशय घेतलात तुम्ही? या पोरावर? कधीपासून?"

"दुपारपासून, आई," वहिनी पुटपुटली. "तुला त्रास नको म्हणून..."

"मूर्ख आहात सगळे!" कोच खुर्चीच्या हातावर भार न देता ताडकन उभी राहिली. "जिन मी घेतली. मी!"

डॉक्टरांच्या मांडीवरची बाटली घसरता घसरता राहिली.

"आई, तू पितेस?" वहिनीचे डोळे विस्फारले.

"पीत नाही, खाते. माझी जुनी मैत्रीण आहे ना, ती सूर मारायला शिकवायची ती, तिनं सांगितलं. बेदाणे जिनमध्ये भिजवायचे आणि रोज थोडे खायचे, गुडघे सुटतात. तुम्हाला सांगितलं असतं तर जावई वर्षभर हसला असता. बरणी भरली, संपली, पुन्हा भरली. दर वेळी जेवढी काढली तेवढं पाणी घातलं. आयुष्य पाण्यात गेलंय माझं, पाणी घालायला मला कसली लाज! नवी बाटली आणणारच होते. पण तुमची मेजवानी आजच आहे हे मला काल कळलं, आणि बघते तो कपाटात बाटलीच नाही."

मग ती धाकट्याकडे वळली. आवाज एकदम खाली आला. "तुला बरणीला हात लावू दिला नाही, ते यामुळे रे. तुझ्या तोंडात त्यातला एक दाणाही जायला नको होता. तू काय समजलास?"

धाकट्यानं मान हलवली.

"मला तिथेच कळलं," ताई म्हणाली. "कोच सगळ्यांना आग्रह करकरून खायला घालतात. एका माणसाला एक गोष्ट द्यायची नाही, आणि त्याच माणसावर तर जीव आहे. मग त्या गोष्टीत काय असेल? शिवाय डॉक्टरांना आलेला वास. स्पिरिटची बाटली बंद होती, कोचचं तोंड उघडं होतं."

"अहो, माझ्या तोंडाला वास येत होता आणि तुम्ही बोलला नाहीत?" कोच डॉक्टरांवर कडाडली.

"वाटलं, माझाच असेल," डॉक्टर म्हणाले, आणि सगळ्यात आधी दादाच हसायला लागला. कोचनं त्याला दोनदा दटावलं, तिसऱ्यांदा तीही हसली.

७

डॉक्टरांनी बाटली त्यांच्या फ्रीजमधूनच आणली होती. फ्रीजरमधून तिला आणखी थोडा गारवा मिळाला. धाकट्यानं नवी अंडी फोडली, एकही पिवळं न फुटता. दादानं लिंबं पिळली, मापं भरली, शेकर खांद्याशी धरून हलवला. आधी कोरडा, मग बर्फासकट, बोटं बधिर होईपर्यंत. गाळून ओतलं तेव्हा पांढरं, धुक्यासारखं पेय ग्लासात चढत गेलं आणि वर फेसाची साय जमली.

वहिनीनं घोट घेतला. वरच्या ओठावर पांढरी रेघ उमटली.

"कशी आहे?" दादानं विचारलं.

"हॉटेलातली इतकी चांगली नव्हती," ती म्हणाली. "तेव्हा आपल्याला काही कळत नव्हतं, ते सोड."

धाकट्यानं स्वतःसाठी लिंबू, साखर आणि अंड्यातलं पांढरं असं वेगळं हलवून घेतलं होतं. कोचनं त्याच्यातला एक घोट मागून घेतला आणि हेच जास्त बरं आहे, असं जाहीर केलं. डॉक्टरांनी पत्ते काढले. कोच डाव मांडताना सगळ्यांना दमात घेत होती आणि सगळे ते आनंदानं ऐकून घेत होते.

ताई ग्लास विसळायला स्वयंपाकघरात आली. मागोमाग धाकटा फडकं घेऊन आला.

"तुलाही वाटलं होतं ना, मीच असेन म्हणून?"

"वाटलं," ताई म्हणाली.

"कधीपर्यंत?"

"ते चाखेपर्यंत."

"मग बरंय. मला तू निम्मी म्हणेपर्यंत वाटत होतं." त्यानं एक ग्लास पुसून उजेडात धरला, पुन्हा पुसला. "ताई, कुणी मला काही विचारलं आणि मी नाही म्हणालो, आणि ते खरं निघालं, असं किती दिवसांनी झालं असेल?"

ताईनं नळ बंद केला. पुढचा ग्लास त्याच्या हातात दिला.

दादा आत आला. त्याच्या हातात डॉक्टरांची बाटली होती, तिच्यात अजून पुष्कळ उरली होती. तो इकडेतिकडे बघू लागला, वरच्या फळीकडे, दाराच्या मागे. शेवटी म्हणाला, "ही डॉक्टरांनाच परत नेऊ दे, नाही का? घरात कशाला."

"का?" धाकटा म्हणाला. "राहू दे की. कपाटात ठेव."

दादानं ताईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "त्याला विचार."

"त्यानंच तर सांगितलं."

"मग ठेव."